दोन घरांचा लाल-पांढरा

त्या दिवशी सकाळी माझा भाऊ आमच्या मागच्या पायरीवर बसला होता. चहाचा कप गुडघ्यावर, एका पायात हिरवा मोजा, एका पायात लाल. मला म्हणाला, "ताई, बघ गं जरा, वरचं कडं लाल आहे का हिरवं?"

मी भांडी विसळत होते. खिडकीतून मान बाहेर काढली. मागच्या कुंपणाच्या जाळीवर वेल चढलीये, तिच्यावर एक सातभाई येऊन बसला होता. चोचीत अळी. पायात प्लॅस्टिकची दोन बारीक कडी, एकावर एक.

"लाल. खाली पांढरं."

"नक्की?"

"अरे, डोळे घेऊन जन्माला आलेय मी. तुझ्यासारखं नाही."

"तुझे डोळे आहेत म्हणून तर माझं चाललंय," म्हणाला, आणि उरलेला चहा एका घोटात संपवला. पक्षी वेलीत शिरला, आतून पिल्लांची चिरचिर ऐकू आली, मग बाहेर येऊन गोदामाच्या पत्र्यावरून पलीकडे गेला. भाऊ उभा राहून टाचा उंचावून बघत राहिला. गोदामाच्या पलीकडे आमच्या वहिनीचं घर. तिच्या अंगणात लिंबाचं झाड, आणि त्या झाडावर सातभाईंचंच दुसरं घरटं.

"उद्या सकाळी," म्हणाला. "वहिनींशी बोललोय. तू इकडे खिडकीत, त्या तिकडे. दोघींनी फोन कानाला लावायचा. लाल-पांढरा आला की म्हणायचं आला. उडाला की म्हणायचं निघाला. दोनच शब्द. तिसरा शब्द कोणी बोललं तर दोघींचे फोन जप्त."

"तयार झाल्या त्या?"

"नाही म्हणाल्या नाहीत."

"म्हणजे हो पण म्हणाल्या नाहीत."

"हो तर तूपण म्हणाली नाहीयेस अजून. पण बसणार, मला माहितीये."

म्हटलं, "बसेन. पक्ष्यासाठी बसेन. तिच्यासाठी नाही."

"बरं, पक्ष्याला तसा निरोप देतो," म्हणाला. डबा घेतला आणि दुकानात गेला.

संध्याकाळी दुकानाशेजारचा किल्लीवाला धावत आला. नुसता धापा टाकत होता, तेव्हाच मला कळलं. मग सांगितलं त्याने. भाऊ दुकानात नेहमीसारखा वाकून बसलेला, भिंग डोळ्याला लावलेलं, चिमटा हातात. किल्लीवाल्याला वाटलं बारीक काम चाललंय, मध्ये बोलायला नको. दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा खांद्याला हात लावला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्याला कळलंही नसेल.

दुसरी सकाळ झाली तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं आणि खिडकीत कोणी बसलं नाही.

आता सगळे म्हणतात, तू लिही. दुकानाची गिऱ्हाइकं म्हणतात, दोन्ही घरची पोरं म्हणतात. मी चौथीनंतर पेन धरलेलं नाही. लेकीने फोनवर बोट कसं फिरवायचं ते दाखवलंय, तेवढ्यावर लिहितेय. जशी बोलते तशीच. काही चुकलं तर तुम्हीच दुरुस्त करून वाचा.

माझा भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. दुकान म्हणजे जिन्याखालचं कपाट. तो आत बसला की दुसऱ्या माणसाने बाहेरच उभं राहायचं. भिंतीवर घड्याळंच घड्याळं, आणि एकाची वेळ दुसऱ्याशी जुळत नसायची. कोणी म्हणालं, अहो तुमच्याच दुकानात बरोबर वेळ नाही, तर म्हणायचा, "ही आजारी आहेत सगळी. बरी झाली की घरी जातात." पुढेपुढे नुसते सेल बदलायला आणि पट्टे लावायलाच माणसं यायची. तरी उघडायचा रोज.

त्याला लाल आणि हिरव्यातला फरक कळायचा नाही. दोन्ही रंग त्याला मातकटच दिसायचे. लहानपणी शाळेत झाडाला लाल पानं काढली आणि वर्गाने त्याला इतकं चिडवलं की घरी येऊन कपाटामागे लपला. मला म्हणाला, ताई, तू कोणाला सांगू नकोस. मी नाही सांगितलं. तेव्हापासून मी त्याची रंग सांगणारी. टोमॅटो पिकलाय का, दिवा लागलाय का, शर्ट कुठला. मोजे मात्र तो मला विचारायचा नाही, म्हणायचा, बुटात कोण बघतंय.

आमचा मोठा भाऊ गेला तेव्हा वहिनीच्या पदरात तीन पोरं, धाकटं तर रांगत होतं. माझे हे लांबच्या ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरात, आणि माझी एक मुलगी. मग धाकट्याने काय केलं, झोपायला वहिनीकडे गेला आणि दुपारचा डबा माझा धरला. सकाळी मुलांना शाळेत तो सोडणार, तिकडची तीन आणि इकडची एक, चौघं रांगेने. तिकडे काका, इकडे मामा. मुलं भांडायची, आमचा काका, नाही आमचा मामा, आणि तो मधे उभा राहून म्हणायचा, "अर्धा अर्धा करा, पण पाय मला ठेवा, दुकानात जायचंय." तिकडचा नळ गळला की तो, इकडची कडी मोडली की तो. गल्लीने नाव ठेवलं लंबक. जुन्या भिंतीवरच्या घड्याळात हलतो ना, इकडून तिकडे, तिकडून इकडे, तसा. किल्लीवाला तर रोज विचारायचा, "काय लंबक, आज कुठल्या बाजूला?"

लोक बोलायचेच. दोन घरचा पाहुणा उपाशी, असं तोंडावर म्हणायचे. हा पोटावर हात फिरवून दाखवायचा.

चष्म्याच्या दुकानात एक होती, चांगली होती, त्याला आवडायची. ती त्याला म्हणाली, "तुम्हाला दोन घरांनी अर्धा अर्धा वाटून घेतलाय. माझ्या वाट्याला काय, मोजे?" हसत म्हणाली, पण नंतर दुसरीकडे लग्न करून गेली. त्यावरून माझं आणि वहिनीचं वाजलं. ती फाटकात उभी राहून म्हणाली, "वन्सं, तुमच्या डब्यामुळे मोडलं." मी म्हटलं, "माझा डबा दुपारी असतो, रात्री कोणाच्या पोरांचा अभ्यास घेत बसायचा तो?" मग ती काही बोलली, मी काही बोलले. नको ते. त्या दिवसापासून बोलणं बंद. निरोप पोरांच्या तोंडून. "तुझ्या आत्याला सांग, ताटली परत पाठव." "तुझ्या आईला सांग, ताटली माझीच होती." पोरं मोठी झाली, आपापल्या गावाला गेली, मग निरोप न्यायला तोच राहिला. अर्धे निरोप तो वाटेतच खायचा. ताटली कोणाची ते अजून ठरलेलं नाही.

पक्ष्यांचं कसं सुरू झालं ते सांगते. आठ-नऊ वर्षं झाली असतील. आमच्या गल्लीत एक बाई भाड्याने राहायला आल्या, पक्ष्यांचा अभ्यास करायला. त्यांचा पक्षी तोलायचा बारीक काटा बिघडला, तो घेऊन दुकानात आल्या. याने तो दुरुस्त केला आणि विचारलं, यात पक्षी कसा बसतो? त्या म्हणाल्या, या बघायला. गेला तो गेलाच.

बाई सातभाईंच्या मागे होत्या. तुम्ही बघितले असतील, मातीच्या रंगाचे, पिवळट डोळ्यांचे, पाचोळ्यात उड्या मारत कचकच कचकच करणारे. एकटा कधी दिसणार नाही. मला वाटायचं, हे भांडखोर, जाऊबाई-नणंदांसारखे. बाईंनी सांगितलं की घरट्यात अंडी एका जोडीची असतात, पण पिल्लांना भरवायला सगळा थवा. आधीच्या वर्षीची मोठी भावंडं, काका, आत्या, जो असेल तो अळी घेऊन हजर. एकजण उंच फांदीवर बसून पहारा करतो, बाकीचे खाली खातात. मांजर आलं की सगळे मिळून अंगावर जातात. आणि झोपताना एका फांदीवर अंगाला अंग लावून ओळीत बसतात, मधली जागा मिळावी म्हणून ढकलाढकली चालते.

भाऊ त्या दिवशी डबा घ्यायच्या आधीच मला म्हणाला, "ताई, यांच्यात काकाला काम असतं!"

वहिनीलाही सांगितलं असणार, कारण तिचं उत्तर मला त्याच्याच तोंडून कळलं. ती म्हणाली होती, "मग भावोजी, तुम्ही तिकडेच राहायला जा. झाडावर."

बाईंना एक एक पक्षी ओळखू यावा म्हणून पायात रंगीत कडी घालायची असायची. जाळीत पकडायचा, कडी घालायची, सोडून द्यायचा. ते काम याच्याकडे आलं. त्याचे हात तुम्ही बघितलेत. म्हणायचा, पक्षी धरणं आणि घड्याळ उघडणं एकच, दाबायचं नाही आणि सोडायचं पण नाही. मी बघितलंय, पक्षी त्याच्या मुठीत गप्प बसायचा, नुसता डोळा फिरवायचा.

पण कडी रंगीत! आणि बाईंना त्याने डोळ्यांचं सांगितलं नव्हतं. सांगितलं तर काम जाईल म्हणून. मग आम्ही युक्ती केली. घड्याळाचे भाग ठेवायचा त्याचा एक खणांचा डबा होता. मी त्यात रोज कडी भरून द्यायची. डावीकडून पहिल्या खणात लाल, मग पिवळी, मग निळी, मग हिरवी, मग पांढरी. तो रंग बघायचाच नाही. जागेवरून उचलायचा. दुकानातही त्याचं तसंच होतं, सगळं जागेवर, डोळे मिटून स्क्रू काढून दाखवायचा. बाईंना कधी संशय आला नाही.

एके दिवशी माझी दाढ काढायची होती म्हणून मी दवाखान्यात, आणि बाई कुठे बाहेरगावी. याने एकट्याने दोन पक्ष्यांना कडी घातली. एक गोदामाच्या थव्यातला, एक पाण्याच्या टाकीजवळच्या थव्यातला. बाईंना सांगितलं, गोदामाच्याला लाल-पांढरं घातलं, टाकीच्याला हिरवं-पांढरं.

त्यानंतर काही महिन्यांनी बाई नाचतच आल्या. खरंच नाचत, साठीच्या जवळ आलेल्या बाई. म्हणाल्या, लाल-पांढरा गोदामाच्या घरट्यात भरवतोय आणि टाकीच्या घरट्यातही भरवतोय! दोन थवे, एकमेकांना बघितलं की पिसं उपटणारे, आणि हा दोन्हीकडे अळ्या नेतो. असं कधी त्यांनी बघितलं नव्हतं. मोठ्या शहरात पक्षीवाल्यांची सभा होती, तिथे हे सांगणार होत्या. फक्त आधी खात्री करायची होती की पक्षी एकच आहे. त्या एकट्या, इकडे बसल्या की तिकडचं दिसत नाही. म्हणून याला म्हणाल्या, "उद्या तुम्ही टाकीपाशी बसा. लाल-पांढरा दिसला की शिट्टी वाजवा."

त्याचा चेहरा मी बघितला. कसा वाजवणार शिट्टी?

त्या रात्री तो जेवला नाही म्हणे, आणि सकाळी उठून बाईंकडे गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. मला लाल-हिरवं कळत नाही. आणि त्या दोन पक्ष्यांच्या दिवशी दुकानाचं शटर हातातून सुटलं होतं, दणक्याने खणांचा डबा खाली पडला, कडी सांडली. पिवळी, निळी, पांढरी त्याने बरोबर ठेवली. लाल आणि हिरवी अंदाजाने ठेवली, आणि उरलेली संध्याकाळी परत पुडीत ओतली, म्हणून ताईलाही दिसलं नाही. वाटलं, जमलं. पण हिरवा-पांढरा पक्षी त्यानंतर कोणाला दिसलाच नाही, आणि लाल-पांढरा मात्र दोन ठिकाणी दिसतोय. म्हणजे मी दोघांना लाल-पांढरंच घातलं. पक्षी दोन आहेत बाई, एक नाही. माझी चूक आहे.

 बाईंनी चहा केला. म्हणाल्या, आधी सांगितलं असतं तर मी खण भरले असते की हो. आणि सभेत ते सांगितलं नाही. पक्षी पुन्हा पकडून बघायचा प्रयत्न केला, पण एकदा जाळीत सापडलेला सातभाई पुन्हा जाळीजवळ फिरकत नाही. मी म्हटलं, मी बसते टाकीपाशी, पण त्याच आठवड्यात टाकीच्या घरट्याचा एका मांजराने निकाल लावला. मग बाईंचं काम संपलं, त्या गेल्या. राग नव्हता त्यांचा. दर वर्षी फोन करायच्या.

पण याच्या मनातून जाईना. इतकी वर्षं कोणाचं घड्याळ त्याच्या हातून बिघडलं नव्हतं आणि ही चूक दोन पायांवर उडत फिरतेय, असं म्हणायचा. कधी लाल-पांढरा इकडे दिसायचा, कधी तिकडे. मी म्हणायचे, अरे एकच असेल. तो म्हणायचा, "दोन घरांना पुरेल असा पक्षी नसतो ताई. माझ्या हातचंच ते."

आणि मी म्हणायचे, "माणूस असतो आणि पक्षी नसतो होय?" त्यावर तो डबा उचलून निघायचा.

हिरव्याचं काय झालं असेल, याचा त्याने विचार केला नाही असं नाही. पण स्वतःची चूक धरून बसायची त्याला खोड होती. वहिनीचा मुलगा नापास झाला, याचीच शिकवणी कमी पडली. माझी कुंडी फुटली, यानेच चुकीच्या जागी ठेवली होती. लहानपणापासूनचं ते.

आणि यंदा, इतक्या वर्षांनी, दोन्ही थव्यांची घरटी एकाच वेळी झाली. टाकीची डागडुजी चालू आहे, आवाजाने तो थवा उठून वहिनीच्या लिंबावर आला. गोदामाचा थवा माझ्या वेलीवर. आणि लाल-पांढरा माझ्याकडे आलेला मी बघितला, आणि वहिनीने त्याला सांगितलं की तिच्याकडे पण येतो. कडी जरा फिकट झालीत, पण लाल ते लाल. मधे फक्त गोदाम. भावाला हर्ष झाला नुसता. इकडे दोन डोळे, तिकडे दोन डोळे, एकाच वेळी बघायचं की झालं. एकाच वेळी दोन्हीकडे दिसला तर पक्षी दोन, चूक त्याची. नाही दिसला तर पक्षी एक.

एवढंच राहिलं होतं त्याचं. आणि तेवढ्यासाठी एक रात्र कमी पडली.

लेक चार दिवस राहून गेली, हे ट्रकवर परतले. वहिनीची पोरं गेली. दोन्ही घरचे लोक आमच्याच घरात होते, पण वहिनी बाहेरच्या खोलीत आणि मी आतल्या. एकदा स्वयंपाकघराच्या दारात समोरासमोर आलो. ती म्हणाली, "डबा इथे ठेवू?" मी म्हटलं, "ठेवा." रिकामा डबा होता, दुकानातून आणलेला. धुवून आणला होता तिने. सगळे गेल्यावर ती पण गेली, आणि मला वाटलं, आता निरोप न्यायला कोणी नाही, म्हणजे झालंच. ही तिकडे म्हातारी होईल, मी इकडे.

मग बाईंचा फोन आला. त्यांना कोणीतरी कळवलं होतं. खूप रडल्या. आणि मग विचारलं, "लाल-पांढरा आहे का हो अजून?"

म्हटलं, "आहे. दोन्हीकडे येतो. घरटी शेजारी आहेत यंदा."

तशा बाई म्हणाल्या, "हिरवा-पांढरा पहिल्याच वर्षी मेलाही असेल. मी नंतर कितीदा विचार केला. पण ते इतकं खात्रीने म्हणाले की माझी चूक, की मीही मानलं." मग म्हणाल्या, "पिल्लं मोठी झालीत का?"

मी खिडकीतून बघितलं. वेलीत घरट्याच्या काठावर एक पिल्लू उभं होतं, शेपूट नाही धड आणि पंख मारून बघत होतं. एक-दोन दिवसांत उडणार. उडाली की थवे आपापल्या वाटेने जाणार आणि मग कोणाला काय कळणार.

फोन ठेवला. वहिनीचा नंबर काढला. तिचा नंबर माझ्याकडे भावाने घालून ठेवला होता, आणि नावाच्या जागी लिहिलं होतं, तिकडे. मी तो बघत बसले. काय बोलायचं पहिलं? ताटलीचं? त्याचं? परत ठेवून दिला. म्हटलं, उद्या बघू. भात्यातला वारा निघून गेल्यासारखं झालं होतं मला.

सकाळी चहा गाळत होते. एकच कप. सवयीने पायरीकडचं दार उघडं ठेवलं होतं. तेवढ्यात फोन वाजला.

तिकडे.

मी कानाला लावला.  पलीकडून वहिनीचा आवाज.

"आला."

 मला एकदम सुचलं. गाळणं तसंच टाकलं आणि खिडकीशी गेले. वेलीवर दोन सातभाई होते, पाय दिसत होते, कडी कोणाच्याच नव्हती. 

"निघाला."

मी गोदामाच्या पत्र्याकडे बघत राहिले. डोळ्यांत पाणी यायला लागलं, पण पुसायची सोय नाही, पुसलं आणि तेवढ्यात आला तर? आणि आला. पत्र्याच्या कडेवरून खाली झेपावला, वेलीवर बसला. तोंडात काहीतरी हिरवं. म्हणजे मला हिरवं. भावाला काय दिसलं असतं कोण जाणे.

"आला," मी म्हटलं.

भरवून वर उडाला. "निघाला."

मग तिकडून, "आला."

असं चाललं. चहा गार झाला. पायांना मुंग्या आल्या. ती आला म्हणाली की मी सगळी वेल डोळ्यांनी चाळायची, एक तरी लाल-पांढरा दिसतोय का. मी आला म्हटलं की ती तिकडे लिंब चाळत असणार. विचारायचं तर होतं, तिकडे नाही ना? पण दोनच शब्द ठरलेले. तोच नाही आता फोन जप्त करायला, तरी दोघींपैकी कोणी तिसरा शब्द काढला नाही.

आणि मग काय झालं, लाल-पांढरा माझ्या वेलीत आत शिरला. मी म्हटलं, "आला." आत पानं हलत होती. मी वाट बघतेय बाहेर कधी येतो. आणि कानात वहिनी म्हणाली, "आला."

 आत तर हलतंय अजून. म्हणजे दोन आहेत. म्हणजे त्याचंच खरं, चूकच झाली होती त्याची. मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकले, लटकलेच म्हणा. पानं बाजूला झाली आणि आतून एक सातभाई बाहेर आला, ऐटीत, शेपूट झटकत. पाय कोरे. कडं नाही की काही नाही. दुसराच होता, घरातला. आपला लाल-पांढरा वेलीच्या मागच्या बाजूने कधीच गेला होता आणि मला चकवलं होतं.

मला इतकं हसू आलं. हसतच म्हटलं, "निघाला."

त्यानंतरही कितीतरी फेऱ्या झाल्या. ऊन पायरीवर आलं. एकदाही, एकदाही तो दोन्हीकडे एका वेळी नव्हता. मी आला म्हणायची तेव्हा तिकडे शांत. ती आला म्हणायची तेव्हा इकडे शांत. मधे फक्त त्याला गोदाम ओलांडायला लागेल तेवढी गप्प जागा. त्या गप्प जागेत मी तिचा श्वास ऐकायची आणि ती माझा.

शेवटी ती म्हणाली, "आला." आणि थांबली. आणि मग म्हणाली, "एकच आहे हो वन्सं."

तिसरा शब्द. चौथा. पाचवा. सहावा.

"एकच आहे," मी म्हटलं.

"भावोजींची चूक नव्हतीच मुळी."

"नव्हती."

"मी त्यांना म्हटलं होतं हो. की एवढे हात ज्याचे, तो चुकणार नाही. तर मलाच म्हणाले, वहिनी, दोन घरांना पुरेल असा पक्षी..."  

मग नाक ओढून म्हणाली, "खाल्लंत का काही सकाळपासून?"

"चहा गार झालाय."

"तो ओता. मी टाकते इकडे. आणि ताटली घेऊन या येताना."

"ताटली माझी आहे, वहिनी."

"माहितीये. घेऊन या तरी."

म्हटलं, "निघाले."

चपला शोधल्या, एक माझी मिळाली, एक त्याची. ताटली काखेत धरून तशीच निघाले. गोदामाला वळसा घालून, किल्लीवाल्याच्या समोरून. तो तोंडातली किल्ली काढून बघतच राहिला. म्हणाला, "काय आत्या, कुठल्या बाजूला?" मी हाताने दाखवलं, त्या बाजूला. फोन कानालाच होता. वहिनी पलीकडून सांगत होती की आता पिल्लू फांदीवर आलंय, आता पडतंय की काय, नाही पडलं, लवकर या. मी सांगत होते, येतेय, अहो चप्पल मोठी आहे पायाला, पळता येत नाहीये.

फाटक उघडलं. ती लिंबाखाली उभी, फोन कानाला. मी तिच्यासमोर उभी, फोन कानाला. आणि दोघी फोनमध्येच बोलतोय, आलात का, हो आले. वर फांदीवर लाल-पांढरा अळी घेऊन ताटकळत बसलेला, मान तिरकी करून आमच्याकडे बघत होता, या दोघी कधी गप्प बसतात म्हणून.